३५ जणांचं युनिट, वागळे इस्टेट: वडिलांना रजा देणं बंधनकारक आहे का?

प्रश्न (ठाणे पश्चिम)
रजेचं धोरण लिहितोय. आईला २६ आठवडे, हे स्पष्ट आहे. वडिलांचं काय? मालक म्हणतात, बायकांच्या रजेचाच खर्च झेपत नाही, त्यात पुरुषांची भर कशाला.

उत्तर (महापे, पेरोलचं काम)
खासगी क्षेत्रात बंधनकारक नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये सर्वांसाठी खासगी सदस्य विधेयक (सरकारने नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेलं) आणलं होतं, ते संमत झालं नाही.

मालकांचा हिशेब मात्र तपासा. जिचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) भरलं जातं, तिच्या मातृत्व रजेचे पैसे महामंडळ देतं. अट: आधीच्या दोन योगदान कालावधींत (प्रत्येकी सहा महिने) किमान ७० दिवसांची वर्गणी. नोंदणी उशिरा झाली किंवा कंत्राटदाराने चलन बुडवलं, की क्लेम इथेच अडकतो. त्यावरच्या पगाराला सगळा भार कंपनीवर. ३०,००० पगार असेल तर साधारण १,८०,०००.

उत्तर (कोपरखैरणे)
खरी गोम तिथेच आहे. २०१७ मध्ये १२ आठवड्यांचे २६ केले, पण पैसे मालकाच्या खिशातून. म्हणून मुलाखतीत मुलींना लग्नाचं विचारतात. खर्च एकट्या मालकावर पडू नये असं आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १८३ क्रमांकाचा करार सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा भार हलवला नाही. संसदेत भांडायला हवं ते यावर.

उत्तर (ऐरोली)
सहमत, पण मालकाऐवजी खर्च उचलणारा निधी आला तरी अर्धंच काम होईल. २०१६ मध्ये मेनका गांधी मंत्री असताना म्हणाल्या होत्या की पुरुषांसाठी ही निव्वळ सुट्टी ठरेल. हा आक्षेप मला पटत नाही. स्वीडनमध्ये १९७४ पासून रजा दोघांपैकी कोणीही घेऊ शकत होतं, तरी घेत होत्या बहुतेक आयाच. १९९५ मध्ये एक महिना प्रत्येकासाठी राखीव केला, न घेतल्यास बुडीत, तेव्हा वडिलांचं प्रमाण वाढलं. आता ४८० पैकी प्रत्येकी ९० दिवस राखीव आहेत.

म्हणून धोरणात असं लिहा: १५ दिवस पगारी, दोन टप्प्यांत चालतील, जन्मापासून ६ महिन्यांत, दत्तक बाळालाही लागू, अर्जित रजेतून कापायचे नाहीत. ‘वरिष्ठांच्या मंजुरीने’ हे शब्द अजिबात नकोत, त्यानेच रजा कागदावर राहते. १५ दिवस आधी लेखी कळवलं की पुरे, आणि बाळंतपण लवकर झालं तर तीही अट नको.

प्रश्नकर्ता
पाळणाघराचं कलम लागतं का?

उत्तर (महापे)
५० कर्मचाऱ्यांपासून. त्यात पुरुष कर्मचारीही मोजतात, फक्त बायका नाही.