ग्रेगरी पेक : घोड्यावरचा आणि घोड्याखालचा

हॉलिवूडचा नट ग्रेगरी पेक म्हटलं की 'रोमन हॉलिडे'वर सगळेच भरभरून लिहितात, पण पेकचे वेस्टर्न (घोडे-बंदुकांचे काउबॉय सिनेमे) फारसे कुणी आठवत नाही. तुम्ही त्याला कुठे पाहिलंत, काय लक्षात राहिलं? सविस्तर लिहा. विकिपीडिया आणून चिकटवू नका, प्लीज.

*

आमच्या पिढीला पेक भेटला तो 'मॅकेनाज गोल्ड'मध्ये. १९६९चा हा सिनेमा अमेरिकेत आपटला, आपल्याकडे मात्र तुफान चालला. बाबा आम्हां भावंडांना घेऊन गेले होते. कडे कोसळायला लागले तशा शिट्ट्या सुरू! खरं तर भाव खाऊन जातो ओमर शरीफ. पण शेवटी पेक ज्या घोड्यावरून निघतो त्याच्या खोगिराच्या पिशव्यांत सोनं ठासून भरलंय, आणि त्याला पत्ताच नाही. बाबा घरी येईपर्यंत त्यावरच हसत होते.

*

माझं मत 'द गनफायटर'ला (१९५०). रिंगो हा नावाजलेला बंदूकबाज, आता या सगळ्याला विटलेला. दुरावलेल्या बायको-मुलाला भेटायला गावात आलाय आणि सलूनमध्ये (तिथला दारूचा गुत्ता) घड्याळाकडे बघत बसलाय. बाहेर पोरं खिडकीला नाकं लावून उभी. शेवटी एक उडाणटप्पू त्याला मागून गोळी घालतो. मरता मरता रिंगो मार्शलला (गावच्या पोलिसप्रमुखाला) काय सांगतो? बंदूक आधी मीच काढली असं सांग. म्हणजे 'रिंगोला मारणारा' हे बिरुद घेऊन त्या पोराने जन्मभर पळावं. असला थंड सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

सिनेमा बेताचा चालला, तर स्टुडिओवाल्यांनी खापर फोडलं पेकच्या मिशीवर!

*

'द बिग कंट्री' विसरलात की काय मंडळी? १९५८, दिग्दर्शक विल्यम वायलर, निर्मितीत पेकही भागीदार. सगळ्यांसमोर तो त्या द्वाड घोड्यावर बसायला साफ नकार देतो. लोक भित्रा म्हणतात, म्हणू दे. मग कुणी नसताना, एका नोकराच्या साक्षीने, पुन्हा पुन्हा आपटत त्याच घोड्याला वठणीवर आणतो, आणि नोकराला बजावतो, कुणाला बोलू नकोस. आम्ही होस्टेलवर पाहिला तेव्हा अर्धी पोरं चिडली होती, 'हा हिरो आहे का?' म्हणून. चार्लटन हेस्टनशी मारामारीही रात्री, सगळे झोपल्यावर. एवढ्या सभ्य सिनेमाच्या शूटिंगमध्ये पेक आणि वायलर मात्र कचाकचा भांडले आणि पुढे बराच काळ अबोला.

*

वकिली करते, त्यामुळे माझ्यासाठी 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला वकील ॲटिकस फिंचच. त्याच भूमिकेला ऑस्कर मिळालं. मूळ कादंबरीची लेखिका हार्पर ली हिने आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ पेकला दिलं होतं, ऑस्करच्या रात्री ते त्याच्याजवळ होतं. कोर्टात आवाज चढायला लागला की मला त्याचं ते सावकाश चष्मा काढणं आठवतं.

*

सगळे इतकं कौतुक करताय म्हणून भीतभीत लिहितो : मला तो लाकडी वाटतो. 'मोबी डिक'मधला त्याचा अहॅब बघा. पिसाटलेला कप्तान हवा होता, दिसतो रागावलेला हेडमास्तर. 'गनफायटर' मात्र पाहिलेला नाही, या रविवारी लावतो.