एफ-१५०चा मागचा एक्सल खोलून पुन्हा भरला, आता वळताना खडखडतोय, एलएसडी गेलं का?

मिनेसोटातला_ट्रकवाला
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. २००३चा फोर्ड एफ-१५०, ४.६ व्ही८, मागे ८.८ इंचाचा एक्सल, दाराच्या स्टिकरवर एक्सल कोड एच९ म्हणजे ३.५५ रेशो लिमिटेड स्लिप (एलएसडी, दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं पण एकच चाक गरगरू न देणारं डिफरन्शियल). मागचं बेअरिंग वाजत होतं आणि गेल्या हिवाळ्यात बर्फात एकच चाक जागेवर गरगर फिरत बसायचं, म्हणून ठरवलं की एकदाच सगळं करून टाकू. पिनियनची दोन्ही बेअरिंग, कॅरिअरची (मोठा गिअर धरणाऱ्या केसची) बेअरिंग, ऑइल सील, आणि एलएसडीच्या क्लच प्लेटचा नवा सेट. क्राऊन-पिनियन (मोठा आणि छोटा गिअर) जुनंच ठेवलं, दात चांगले होते. तीन वीकेंड गेले गॅरेजमध्ये.

आता दोन तक्रारी आहेत. एक, पार्किंगमध्ये सावकाश फुल वळण घेतलं की मागून कर्रर्र-खड-खड असा हादरा येतो, सीटखाली जाणवतो. दोन, ४५ मैलाच्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला की भुंग्यासारखा गूंऽऽ आवाज. तेल नवीन सिंथेटिक टाकलंय, बाटलीवर 'लिमिटेड स्लिपला चालेल' असं लिहिलेलं होतं म्हणून वेगळं काही घातलं नाही. परत सगळं खोलावं लागणार का? बायकोला सांगितलंय की झालं काम 🙏

सांगलीचा_मिस्त्री
दादा आधी घाबरू नका आणि लगेच खोलू पण नका. तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र केले की गोंधळ होतो. वळणावर येतो तो आवाज क्लच प्लेटचा. सरळ रस्त्यावर, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो तो आवाज क्राऊन-पिनियनचा. प्लेटचा दोष सरळ रस्त्यावर गूं करत नाही.

वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, मग सन गिअर आणि केसच्या मधल्या प्लेटना एकमेकींवरून घसरावंच लागतं. एस आकाराची स्प्रिंग त्यांना कायम दाबून धरते. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण नरम करणारं मिश्रण) असेल तर घसरणं सुतासारखं होतं, नसेल तर चिकट-सुट चिकट-सुट होतं आणि तोच तुमचा खड-खड. एक सांगा, प्लेट बसवताना भिजवल्या होत्या का कोरड्याच घातल्या?

मिनेसोटातला_ट्रकवाला
कोरड्याच 😞 म्हणजे गिअर ऑइलचा हात फिरवला होता फक्त.

डेट्रॉईटकर
मग पहिल्या तक्रारीचं उत्तर जवळपास मिळालंच. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे, ८.८च्या ट्रॅक्शन-लॉकला, म्हणजे फोर्डच्या एलएसडीला, ४ औंस मॉडिफायर लागतो, आणि नव्या प्लेट आधी त्यात भिजवून मग बसवायच्या असतात. ८.८ला ड्रेन प्लग नाही त्यामुळे लगेच कव्हर काढायची गरज नाही, फिलर होलमधून हातपंपाने तेवढं तेल ओढून काढ, ४ औंस मॉडिफायर घाल, मग रिकाम्या पार्किंगमध्ये अगदी सावकाश आठ आकड्यासारखे दहाएक फेरे मार, दोन्ही बाजूला वळणं सारखी झाली पाहिजेत. कोरड्या प्लेट आत तेल ओढून घेतील, पहिल्या दिवशी पूर्ण जाणार नाही, शे-दोनशे मैल चालव. तरी राहिलं तर मग प्लेटच्या थराची जाडी बघ, नवे सेट जुन्यापेक्षा जाड असतात आणि जुनीच शिम (फट भरायची पातळ चकती) परत घातली की पॅक जास्त आवळला जातो. मोजूनच शिम निवडायची.

अजून एक, मागचे दोन्ही टायर सारखे आहेत का रे?

मिनेसोटातला_ट्रकवाला
नाही! सप्टेंबरमध्ये पंक्चर झाल्यावर उजवा एकच नवीन घेतला. आत्ता टेपने मोजले, परिघात सव्वा इंच फरक आहे.

डेट्रॉईटकर
अरे बाबा मग तुझा एलएसडी सरळ रस्त्यावर पण सतत घासत चाललाय. हायवेवर तासन् तास तेच. नव्या प्लेट यात काही महिन्यांत जातील. मागे जोडीनेच टायर घाल, त्याशिवाय बाकीचं काही करून उपयोग नाही.

सांगलीचा_मिस्त्री
हे बरोबर सांगितलं. आता दुसरी तक्रार. कॅरिअर काढताना डाव्या-उजव्या बाजूच्या शिम वेगळ्या ठेवल्या होत्या का? ८.८ मध्ये बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) त्या शिमवरच ठरतो, अदलाबदल झाली की क्राऊन एका बाजूला सरकतो. डायल गेज लावून मोजा, ०.००८ ते ०.०१५ इंचाच्या मध्ये हवा. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळ) नव्या बेअरिंगला १६ ते २९ इंच-पाउंड, आणि क्रश स्लीव्ह (आवळताना चेपणारी नळी) जास्त आवळली गेली असेल तर नट मागे फिरवून चालत नाही, स्लीव्ह नवीनच टाकायची. मग दातांना रंग लावून पॅटर्न (दात कुठे टेकतात त्याची छाप) बघा, दोन्ही बाजूंचा.

आणि हात जोडून एक विनंती. एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये कधीही घालू नका. ओपन डिफरन्शियलमध्ये वरचं चाक नुसतं फिरतं, एलएसडीमध्ये जमिनीवरचं चाक गाडी ओढून जॅकवरून खाली पाडतं. माझ्यासमोर झालंय, माणूस थोडक्यात वाचला.

पुणेरी_थार
मध्येच विचारतो, माझ्या २०२०च्या थारला मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफ आहे, त्यात पण हे मॉडिफायर घालायचं का?

डेट्रॉईटकर
नको. ते वेगळं यंत्र आहे. त्यात दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतली वजनं उघडून अडकतात आणि एक्सल पूर्ण लॉक होतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घाल, मनाने काही मिसळू नकोस.

मिनेसोटातला_ट्रकवाला
अपडेट. मागे जोडीने टायर घातले, मॉडिफायर ४ औंस गेला, पार्किंगमध्ये फेरे मारले. सहाव्या-सातव्या फेऱ्यालाच हादरा कमी झाला, आता १८० मैल झालेत आणि फक्त सकाळी थंडीत पहिल्या वळणाला हलकासा येतो. ब्रेकअवे (प्लेट सुटायला लागणारा जोर) पण तपासला, पुढची चाकं अडवून, न्यूट्रलमध्ये, एक मागचं चाक उचलून टॉर्क रेंचने, ६०च्या वर फूट-पाउंड आला.

सांगलीचा_मिस्त्री
झकास. २०च्या खाली आला असता तर प्लेट गेल्या म्हणायचं. तुमचा एलएसडी धडधाकट आहे.

मिनेसोटातला_ट्रकवाला
आणि काल कव्हर उघडलं. बॅकलॅश ०.०२२. माझा जुना फोटो काढून बघितला तर जाड शिम डावीकडे होती, मी उजवीकडे घातलीय. शनिवारी अदलाबदल करून परत मोजतो, पॅटर्नचे फोटो इथेच टाकीन. मिस्त्रीकाका, पॅटर्न बघायला त्या दिवशी ऑनलाइन असाल का? आमच्याकडे सकाळ म्हणजे तुमची रात्र.

सांगलीचा_मिस्त्री
टाका फोटो, जागा आहे मी. दात पुसून कोरडे करून मग रंग लावा, आणि क्राऊन फिरवताना पिनियनला थोडा अडसर ठेवा, नाहीतर छाप फिकट येते.