एएफसीएस बंद करूनही चिनूक गुमान उडत असेल, तर ते मॉडेल खोटं

तिरकी_चकती (धागाकर्ता)

फ्लाइटगिअर किंवा एक्स-प्लेन या उड्डाणाच्या सिम्युलेटरसाठी हौसेनं बनवलेली सीएच-४७एफ चिनूक या दोन रोटरच्या हेलिकॉप्टरची मॉडेलं बरीच दिसतात. कॉकपिट झकास, रंगकाम झकास आणि उडायला मात्र शेपटीचा पंखा काढून वर दुसरा रोटर डकवलेलं साधं हेलिकॉप्टर.

पारखायची चाचणी सोपी आहे. ८० नॉटला सरळ पातळीत ट्रिम करा, म्हणजे हात न लावता तसंच उडेल असं बसवा. एएफसीएस, म्हणजे स्थैर्य राखणारी स्वयंचलित यंत्रणा, बंद करा. पेडल जरासं दाबून सोडा. नाक आपसूक जागेवर आलं तर मॉडेल खोटं. खऱ्या चिनूकचं धड या वेगाला दिशेच्या बाबतीत अस्थिर असतं. पुढे लांबलचक पेटीसारखं अंग आहे आणि मागचा पायलन (रोटरचा उंच खांब) त्याला पुरा पडत नाही. नाकावरच्या छिद्रांमधला दाबाचा फरक मोजून एएफसीएस हे सावरत असते.

म्हणून आधी बोडकं यंत्र नीट करा, एएफसीएस शेवटी. दोन स्वतंत्र रोटर घ्या: व्यास १८.२९ मीटर, तीन-तीन पाती, २२५ आरपीएम. वरून पाहिल्यास पुढचा घड्याळाच्या उलट, मागचा घड्याळाप्रमाणे. पुढचा शाफ्ट ९ अंश पुढे कललेला, मागचा ४ अंश. मग मिक्सिंग, म्हणजे पायलटच्या हालचाली दोन रोटरमध्ये वाटणं. स्टिक मागे ओढली की पुढच्या रोटरचा कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा एकत्र कोन) वाढतो, मागच्याचा घटतो. स्टिक डावीकडे नेली की दोन्ही चकत्या (फिरणाऱ्या पात्यांची वर्तुळं) डावीकडे. डावं पेडल दाबलं की पुढची चकती डावीकडे, मागची उजवीकडे. दोन्ही रोटरचा टॉर्क एकमेकांना छेद देतो, त्यामुळे थ्रस्ट लिव्हर (कलेक्टिव्हच्या दांड्याला चिनूकमध्ये हेच म्हणतात) उचलताना पेडल द्यावं लागू नये. द्यावं लागत असेल तर जुन्या टेम्प्लेटमधला टेल रोटर कुठेतरी शिल्लक आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या रोटरचा झोत मागच्यावर बसवण्यात. हबमधलं अंतर साधारण १२ मीटर, म्हणजे सुमारे ६ मीटरचा पट्टा दोन्ही चकत्यांना सामाईक. हॉवरमधून पुढे निघालात की पुढच्या रोटरला स्वच्छ हवा मिळते आणि मागचा त्याच्या झोतात सापडतो. नाक वर येतं, स्टिक पुढे द्यावी लागते. दोन रोटरचे दोन ब्लॉक फाइलमध्ये टाकले म्हणून हे आपोआप होत नाही.

गव्हर्नर_ऑन

अर्धंच पटलं. चिनूकचा पायलट एएफसीएस चालू ठेवूनच उडतो, बंद होणं ही बिघाडाची स्थिती. शंभरातली नव्वद मिनिटं ज्यात जाणार ते सोडून बिघाडाच्या दहा मिनिटांवर महिने घालवायचे, हा कुठला हिशेब?

शिवाय खुर्चीत बसलेल्या माणसाला ना अंगावर जी-भार कळतो, ना पार्श्वभागाखाली घसरण कळते. हातात बोटभर हलणारी जॉयस्टिक. तुमचं बोडकं यंत्र आकडेमोडीत अचूक असलं तरी घरी ते खऱ्यापेक्षा अवघडच वाटणार. त्याला वास्तव म्हणायला मी तयार नाही.

आणि दर पात्याचा वेगळा हिशेब करायचा अट्टहास सोडा. २२५ आरपीएम म्हणजे सेकंदाला १,३५० अंश. फ्लाइटगिअरच्या १२० हर्ट्झला एका पायरीत पातं ११ अंश सरकतं, ते ठीक. गणित सेकंदाला ३० वेळाच होत असेल तर ४५ अंश, म्हणजे एका फेरीत जेमतेम ८ नमुने. त्यातून जी थरथर येते ती रोटरची नसते, गणिताची असते. नासानं १९८४ मध्ये सीएच-४७बीचं गणिती मॉडेल प्रसिद्ध केलं, त्यातही अख्ख्या चकतीचं सरासरी बल धरलं आहे. ते गुणांक उचला आणि उरलेला वेळ एएफसीएसवर घालवा.

तिरकी_चकती

सरासरी चकती मान्य. मी दर पात्याचं म्हटलंच नव्हतं.

पण ते गुणांक जसेच्या तसे उचलू नका, इथेच लोक फसतात. बी मॉडेलची पाती धातूची, रुंदी २५.२५ इंच. डी आणि एफची फायबरग्लासची, ३२ इंच. व्यास तोच, त्यामुळे सॉलिडिटी (चकतीच्या क्षेत्रफळातला पात्यांचा वाटा) ०.०६७ वरून ०.०८५ वर जाते. आता २२,६८० किलो या कमाल वजनाला समुद्रसपाटीवर थ्रस्ट गुणांक भागिले सॉलिडिटी, म्हणजे पात्यांवर किती भार पडतो ते काढा. एफला ०.०८८ येतं, बीच्या पात्यांवर ०.१११. म्हणजे एफचं वजन बीच्या पात्यांवर टाकलंत तर हॉवर कसाबसा होईल, पण वेग घेताच मागे जाणारं पातं स्टॉल होईल, म्हणजे त्याची उचल ढासळेल. मग लोक इंजिनाची ताकद वाढवत बसतात. दुखणं पोटात, मलम पायाला.

कोपरा_घासलेला

तुम्ही दोघे गणितात रमलात, पण ब्लेंडरमधली (थ्रीडी आकार आणि अॅनिमेशनची) बाजूही वास्तवातच मोडते. चिनूकची पाती एकमेकांच्या मधून जातात. खऱ्या यंत्रात सिंक शाफ्टनं दोन्ही रोटर बांधलेले असतात आणि पात्यांमध्ये ६० अंशांचा फेज (कोनातला फरक) असतो. दोन्ही रोटरचं अॅनिमेशन आपापल्या आरपीएमवर चालवलंत तर पूर्णांकनाची चूक साचत जाते आणि काही वेळानं पाती आरपार जाताना दिसतात. उपाय एकच: कोन पुढच्या रोटरचाच घ्या, मागच्याला तोच कोन उणे चिन्हानं आणि ६० अंश मिळवून द्या. मागच्याला स्वतःचा कोन नकोच.

थांबलेली पाती खाली झुकलेली हवीत आणि आरपीएम वाढेल तशी सरळ व्हायला हवीत. बहुतेक मॉडेलांत ती पट्टीसारखी ताठ असतात. स्क्रीनशॉटमध्ये पहिली नजर तिथेच जाते.

चाकं सहा: पुढे दोन जोड्या, मागे दोन एकेरी. मागची दोन्ही वळतात, पण जमिनीवर पॉवर स्टीअरिंग फक्त उजव्याला. आणि उतरताना आधी मागची टेकतात.

गव्हर्नर_ऑन

मागची चाकं आधी टेकतात, नेमकं तिथेच माझा मुद्दा येतो. चाकं टेकली तरी एएफसीएसचा पिच होल्ड (नाकाचा वरखाली कोन धरून ठेवणारा भाग) चुकांची बेरीज करत राहिला, तर ती साचते. मग तुम्ही उचललंत की नाक झपकन खाली किंवा वर. खऱ्यात मागच्या चाकांवरचे स्विच टेकल्याची खबर देतात आणि लाँगिट्यूडिनल सायक्लिक ट्रिम (वेगाप्रमाणे चकत्या पुढे कलवणारी यंत्रणा) जमिनीच्या स्थितीला जातो. हे लॉजिक मॉडेलमध्ये नसेल तर कड्यावर नुसती मागची चाकं टेकवून रॅम्पवरून माणसं उतरवणं, म्हणजे चिनूकचं ओळखपत्रच, जमणार नाही. सांगा, यात रोटरच्या अचूकतेचा काय संबंध?

डॅशचंही तेच. चिनूकला मुळात वेग वाढला की स्टिक पुढे ठेवावी लागेल अशी खात्री नाही. डॅश हा पिचच्या जोडणीतला दांडा वेगाप्रमाणे लांब-आखूड करून ती सवय जपतो. दोन चुका नेहमीच्या: एक, डॅश तत्क्षणी हलवणं, मग वाऱ्याच्या झोतासरशी नाक झटके देतं, तो हळू सरकायला हवा. दोन, त्याचं आउटपुट स्टिकच्या अॅनिमेशनला जोडणं. चिनूकमध्ये स्थैर्य देणारे अॅक्च्युएटर स्टिकच्या पुढे, जोडणीत बसतात, पायलटच्या हाताला ते कळत नाहीत. उंची धरून ठेवताना थ्रस्ट लिव्हर मात्र खरंच हलतो.

लोंबतं_ओझं

मध्ये तोंड घालतो, कारण सामानाबद्दल कुणीच बोलत नाही, आणि हे मालवाहू हेलिकॉप्टर आहे.

एम७७७ तोफ, सुमारे ४.२ टन, १० मीटरच्या दोरावर. टेकू पक्का धरला तर झोका ६.३ सेकंदांचा. पण टेकू म्हणजे १४ टनांचं हेलिकॉप्टर, तेही उलट दिशेला सरकतं, म्हणून काल ५.६ सेकंदांच्या आसपास यायला हवा. ६.३ आला तर तोफेची ओढ हेलिकॉप्टरला पोचतच नाहीये, ती नुसती चिकटवलेली शोभा आहे. ५.६ चा झोका हातानं थांबवायला गेलात की अर्ध्या लयीनं उशीर होतो आणि झोका वाढतो. हे झालं तर समजा बरोबर आहे.

दोर स्प्रिंग म्हणून लिहा, पण फक्त ताणावरच बल द्या, दाबल्यावर शून्य. कडकपणा ५ लाख न्यूटन प्रतिमीटर ठेवला तर तोफेनं दोर ८ सेंटिमीटर ताणतो आणि वरखाली कंप २ हर्ट्झच्या आसपास. ‘दोर ताठ दिसायला हवा’ म्हणून तो शंभरपट केला आणि डॅम्पिंग विसरलात, तर १२० हर्ट्झलाही सिम्युलेटर दोघांना आकाशात भिरकावेल. हुक तीन आहेत. लांब ओझं पुढच्या आणि मागच्या हुकावर टांगा, मधल्या एकाच हुकावर ते गरगर फिरतं.

तिरकी_चकती

झोक्याचं मस्त. पण गव्हर्नरसाहेब, तुमच्या एएफसीएसला कामापुरताच हक्क असतो, स्टिकच्या पूर्ण पल्ल्याचा नव्हे. खालचं यंत्र चुकीचं असेल तर गेन (दुरुस्तीची तीव्रता) फुगवून ते झाकता येतं आणि मग एखादं सॅच्युरेशन आलं, म्हणजे तो हक्क संपला, की सगळं उघडं पडतं.

दोन मोजमापं देतो, एएफसीएस चालू असो की बंद, ती सुटत नाहीत. समुद्रसपाटीवर २२,६८० किलोला प्रेरित प्रवाह (रोटरनं खाली ढकललेल्या हवेचा वेग) सुमारे १३ मीटर प्रतिसेकंद, आदर्श शक्ती २.९ मेगावॉट. चकत्यांचं आच्छादन, असमान प्रवाह आणि पात्यांचा ड्रॅग धरला की ४.५ च्या आसपास. तुमच्याकडे साडेतीन आलं तर आच्छादन राहिलंय. दुसरं, २० नॉट वाऱ्यात हॉवर. वारा समोरून असताना जितका टॉर्क लागतो त्यापेक्षा बाजूनं असताना कमी लागायला हवा, कारण तेव्हा दोन्ही रोटरना ताजी हवा मिळते. आकडे सारखे आले तर झोताचा गुणांक साइडस्लिपवर (हवा किती बाजूनं येते त्यावर) अवलंबून ठेवलेला नाही.

आपल्या हवाई दलाच्या १५ पैकी काही चिनूक २०१९ पासून चंदीगडहून उडतात, लोक ती हमखास लेहला नेणार. तिथे उन्हाळी दुपारी हवेची घनता ०.८ किलो प्रति घनमीटरच्या आसपास, प्रेरित प्रवाह जवळपास चौथाईनं वाढतो आणि इंजिन त्याच वेळी घटतं. तिथे कुठलाही गेन कामाला येत नाही.

गव्हर्नर_ऑन

बाजूच्या वाऱ्याची चाचणी घेतली, चांगली आहे. झोताचं टेबल वेग आणि साइडस्लिप अशा दोन अक्षांवर आधी करायला मी तयार, कारण त्याशिवाय टॉर्कमीटर खोटा दाखवेल. पण ८० नॉटचं ते पेडल प्रकरण एएफसीएस पूर्ण होईपर्यंत माझ्या यादीत खालीच राहील. धडाच्या यॉ मोमेंटचं (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या परिणामाचं) टेबल विंड टनेलच्या आकड्यांशिवाय शेवटी अंदाजानंच भरायचं असतं, आणि अंदाजानं भरलेली अस्थिरता ही अंदाजानं भरलेल्या स्थैर्याइतकीच खोटी.

तिरकी_चकती

चिन्ह तरी बरोबर भरा. आकडा नंतर बघू.