सेव्रची राजभेट : नजराणा की फिरवलेला आहेर?

रिकामी बशी (धागाकर्ता)
फ्रान्समधील सेव्रच्या राजकारखान्यात घडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांना ‘राजनयाची कला’ म्हणून आपण उगाच डोक्यावर घेतो, असे माझे मत आहे. लंडनच्या ॲप्स्ली हाउसमधील इजिप्शियन भोजनसंच पाहा. घटस्फोटानंतर नेपोलियनने दिलेल्या रकमेतून जोसेफिनने तो मागवला, १८१२ मध्ये तो हाती आल्यावर फारच रुक्ष वाटतो म्हणून परत पाठवला, आणि कारखान्यात पडून राहिलेला तोच संच १८१८ मध्ये अठराव्या लुईने ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, म्हणजे आपल्याला आसईच्या लढाईमुळे ठाऊक असलेल्या आर्थर वेलस्लीला, भेट दिला. आपल्या लग्नघरांत याला फिरवलेला आहेर म्हणतात. घेणाऱ्याचा विचार करून जी वस्तू घडलीच नाही, तिला राजभेटीचा मान कसला?

उत्खनक
असहमत. आहेर फिरवल्याने त्यातला अर्थ संपतो हे लग्नघरात खरे असेल. इथे फिरवण्यातच अर्थ आहे. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेवरील याच चित्रांचा पहिला संच त्याने १८०८ मध्ये रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याला दिला होता, तेव्हा ती मिरवण्यासाठी होती. वास्तविक इजिप्तमधील फ्रेंच सैन्याने १८०१ मध्येच शरणागती पत्करली होती. झारला दिलेल्या भेटीनंतर दहा वर्षांनी, वॉटर्लूमुळे गादी परत मिळालेला राजा त्याच मोहिमेची चित्रे नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापतीच्या मेजावर पोहोचवतो. नवा संच घडवून घेतला असता, तर हा टोला बसला असता का?

भट्टीकर
आपण दोघेही देणाऱ्या-घेणाऱ्यांतच अडकला आहात; ताटली कोणी पाहिलीच नाही. तिच्यावरची दृश्ये मोहिमेसोबत गेलेल्या व्हिव्हाँ दनोंच्या रेखाटनांवरून रंगवलेली आहेत. असे रंग झिलईवर चढवून भट्टीत पक्के करावे लागतात, आणि भट्टीतून मंद निघालेला सोन्याचा मुलामा अकीकाच्या दगडाने घासून उजळावा लागतो. मेजाच्या मध्यभागी मांडायची फिली, एडफू आणि डेंडेराची देवळे मात्र झिलई न दिलेल्या पांढऱ्या चिनीमातीची आहेत, त्यामुळे ती दगडासारखी दिसतात; ही मांडणी सहा मीटरांहून लांब आहे. जोसेफिनला ती रुक्ष वाटली असेल, मला तर तोच रुक्षपणा या संचाचा प्राण वाटतो.

रिकामी बशी
भट्टीकर, कारागिरीबद्दल माझा वाद नाहीच. वाद आहे तो तिला चिकटवलेल्या ‘राजनय’ या शब्दाबद्दल. टिपू सुलतानाचे तीन वकील १७८८ मध्ये इंग्रजांविरुद्ध लष्करी मदत मागायला सोळाव्या लुईकडे गेले होते. त्यांचा थाटात सत्कार झाला, सेव्रची चिनीमाती मिळाली, सैन्य मात्र मिळाले नाही. काही द्यायचे नसते तेव्हा बशी देतात, एवढेच यातून मला दिसते.

उत्खनक
पण नकार देऊनही दार उघडे ठेवायचे, हेच तर राजनयाचे काम! तिजोरी रिकामी असलेल्या राजाने सैन्य पाठवता येत नाही म्हणून आपल्या स्वतःच्या कारखान्यातली सर्वांत मोलाची वस्तू पाठवली, यात मला पोकळपणा दिसत नाही. वकिलांना रिकाम्या हातांनी परत पाठवले असते, तर तो अपमान ठरला असता.

रिकामी बशी
अपमान टळला, हे मान्य. श्रीरंगपट्टण मात्र १७९९ मध्ये पडले, आणि त्याचा कारभार इंग्रजांनी ज्याच्या हाती दिला, तो हाच वेलस्ली होता.