लहरी पोचतात, पण विरतात कुठे?

सूर्याच्या पृष्ठभागाखालच्या खळबळीतून निघणाऱ्या ध्वनिलहरींनीच करोना (सूर्याचं सर्वांत बाहेरचं वातावरण) तापतो, असं एक म्हणणं आहे; मला ते अर्धंच पटलं. 1940 च्या दशकात बियरमन आणि श्वार्त्सशिल्ड या खगोलशास्त्रज्ञांनी हीच कल्पना मांडली होती. पण वर जाताना घनता झपाट्याने कमी होते, तसा लहरींचा आयाम वाढतो आणि किनाऱ्याजवळ लाट फुटावी तशा त्या आघातलहरी बनून बऱ्याचशा वर्णगोलातच (करोनाखालच्या थरातच) विरतात. दहा लाख अंशांपलीकडच्या करोनासाठी फारसं काही उरत नाही.

म्हणून आल्फवेन लहरी, म्हणजे चुंबकीय बलरेषांवरून जाणाऱ्या लहरी, महत्त्वाच्या (भौतिकशास्त्रज्ञ आल्फवेननी 1942 मध्ये त्यांचं भाकीत केलं होतं). या बलरेषांचा ताण त्यांना पुढे नेतो, वायू फारसा दाबला जात नाही, त्यामुळे त्या सहज फुटत नाहीत. गंमत म्हणजे हाच गुण अडचणीचा! बराच भाग वर्णगोल आणि करोना यांच्यामधल्या संक्रमण थरावरून परत फिरतो, आणि जो वर पोचतो तो सहजासहजी उष्णतेत बदलत नाही. शेजारच्या बलरेषांवर वेग वेगवेगळा असल्याने लहरी एकमेकींच्या पुढेमागे पडतात, बारीक भोवरे तयार होतात, आणि तिथे कुठे ऊर्जा मुरते. मला खरा प्रश्न हा मुरण्याचा वाटतो.

भौतिकशास्त्रज्ञ पार्करच्या नॅनोफ्लेअर्सना (चुंबकीय ऊर्जेच्या असंख्य छोट्या स्फोटांनी करोना तापतो, या कल्पनेला) मात्र इतक्यात मोडीत काढू नका. दोन्ही यंत्रणा एकत्र चालू असायला काहीच हरकत नाही.