अरुंद तोंडाची दगडी बरणी आतून पोखरायची कशी?

घोडबंदरकर: ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात इजिप्तची दगडी भांडी कशी घडवत ते करून दाखवायचं आहे. इजिप्तमधल्या सक्काऱ्याला, जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली, अशी सुमारे ४० हजार निघाली. वाडग्याचं समजतं, पण तोंड अरुंद आणि पोट फुगीर असेल तर आत हत्यार कसं फिरवायचं? आणि ते वापरत त्या तांब्याच्या नळीने दगड कसा कापतो?

ऐरोलीकर: तांबं कापत नाही हो, वाळू कापते. वाळूचे कण नळीच्या मऊ कडेत रुततात आणि दगड खरवडतात. १ ते १० च्या मोह्‌स मापावर क्वार्ट्झच्या वाळूची कठीणता ७, आपल्या काळ्या पाषाणातल्या खनिजांची ६ च्या आसपास. इजिप्तच्या भांड्यांचा ‘अलाबास्टर’ दगड तर कॅल्साइट हे मऊ खनिज, म्हणजे जेमतेम ३.

बाहेरचा आकार आधी, पोखरणं नंतर. उलट केलं तर पातळ भिंतीवर ठोके बसून भांडं तडकतं. बाहेरून पूर्ण घडवलेली, आतून भरीव अशी अर्धवट भांडी सापडली आहेत. मग मधोमध नळी फिरवत उतरवायची आणि नळीच्या आत उरलेला दगडाचा गाभा मोडून काढायचा. पोटात नळीचा उपयोग नाही. तिथे आठच्या आकड्यासारखा, कमरेला खाचा असलेला दगड लागतो. तो तोंडातून उभा आत सोडायचा, आडवा करून दांड्याच्या बेचक्यात बसवायचा, वाळू घालून दांडा उलटसुलट फिरवायचा. आधी आखूड दगड, मग लांब. दाबासाठी दांड्याला वर दगड बांधत. फुटक्या बरणीत खांद्याच्या आतून ज्या आडव्या वळ्या दिसतात, त्या या फिरण्याच्या.

सानपाडा_दगडकाम: प्रदर्शनापुरतं नळीचं भोक दाखवा. घोडबंदर रोडच्या मार्बलच्या दुकानात कापून उरलेले तुकडे मिळतील, संगमरवरही कॅल्साइटच. ग्रॅनाइट नको, फार वेळ खातो. एसीच्या कामातली पाऊण इंची तांब्याची नळी चालेल. खाडीची वाळू घेऊ नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपला संगमरवराइतकाच मऊ. स्विमिंग पूलच्या फिल्टरची वाळू घ्या. सुरुवातीला नळी घसरते, म्हणून भोक पाडलेली फळी दगडावर क्लॅम्पने आवळा. करकर आवाज मंदावला की वाळूचं पीठ झालं समजा. पुसून नवी घाला. भोक वर रुंद आणि गाभा निमुळता होईल. ती चूक नाही, वाळू बाजूंनाही घासते. पुरातत्त्वज्ञ पेट्रीने इजिप्तमधल्या गिझाहून आणलेला ग्रॅनाइटचा गाभाही निमुळताच आहे.

ऐरोलीकर: कोरडं अजिबात करू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. सतत पाणी शिंपडा, मुलांना एन-९५ मास्क द्या, वर्गाऐवजी मैदानात बसवा. चिखल ओला असतानाच फडक्याने टिपा. वाळला की पुन्हा धूळच. बेसिनमध्ये ओतलात तर पाइप तुंबेल.