रविवारची हेरिटेज वॉक : काळा घोडा की मांडवी?

सेक्रेटरी (ए-३०४): रविवारच्या वॉकला काळा घोड्याचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) ठरवतोय. कोण कोण येतंय?

बी-२०२: आम्ही दोघं. पण साहेब, नुसता काळा घोडा म्हणजे बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्याची श्रीमंती बघून घरी. जेकब ससूनने १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ बांधलंय, रंगीत काचा झकास, वाद नाही. पण घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, राहायचे मांडवी-डोंगरीला. सुरुवात तिथून करू.

सी-१०१ काका: मांडवी? हातगाड्या अंगावर घ्यायला?

बी-२०२: काका, रविवारी घाऊक बाजार थंड असतो. मशीद स्टेशनला उतरून सॅम्युअल स्ट्रीट. तिथलं शार हारहमीम हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ चं. रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी उभारलं. कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटलो तर बांधीन, असा नवस केला होता म्हणतात. आताची जागा आणि इमारत १८६० ची.

डी-५०१ (ज्युनिअर): दिवेकर म्हणजे दिवेआगरचे?? 😮

बी-२०२: तेच! पेणकर, रोहेकर, किहीमकर, सगळी गावांवरून. जुन्या सिनेमातले डेव्हिड? चेऊलकर! आणि वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरचे मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते.

सी-१०१ काका: रोज त्या रस्त्याने ऑफिसला जायचो. मला कुणीतरी पाद्री वाटायचे 🙈

बी-४०२ आजी: आमच्या अलिबागला अजून इस्राएल आळी आहे. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली. शेजारच्या काकू नऊवारी नेसायच्या. त्यांचा मलिदा मी खाल्लाय. भिजवलेले पोहे, साखर, भरपूर ओलं खोबरं, वेलची, वर फळं मांडलेली. आधी एलियाहू हन्नबीचं (त्यांच्या प्रेषिताचं) नाव घेऊन प्रार्थना, मग वाटायचा. त्याआधी हात लावलेला चालायचा नाही.

डी-५०१ (ज्युनिअर): आजी रेसिपी टाका ना 🙏

ए-६०३: आत बघण्यासारखं काय असतं? मूर्ती तर नसणार.

बी-२०२: मधोमध लाकडी कठड्याची तेवा, म्हणजे मंच, तिथे उभं राहून वाचन. तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत, कारण जेरुसलेम त्या दिशेला. बायकांसाठी वर सज्जा. आणि एलियाहूसाठी राखीव खुर्ची.

सी-१०१ काका: या दिवसांत तिकडे जाणं बरं का पण? बातम्या बघताय ना…

सेक्रेटरी (ए-३०४): काका, राजकारणाला दुसरा ग्रुप आहे 🙏 बी-२०२, नियम सांगा.

बी-२०२: शनिवारी तर नाहीच, शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस. रविवारीही आधी विचारून परवानगी घेऊ. सगळ्यांनी आधार कार्ड आणा, पुरुषांनी टोपी किंवा रुमाल. फोटो विचारल्याशिवाय नाही, रील तर नकोच (ज्युनिअर मंडळी 👀). तिथून डोंगरीतली १८४० ची नवी मशीद पायी, नाव मशीद पण आहे सिनेगॉगच. मग भायखळ्याला डेव्हिड ससूनचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, घड्याळाच्या मनोऱ्याचं. त्याच आवारात ससूनांची शाळा, आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

ए-६०३: मग काळा घोडा?

सेक्रेटरी (ए-३०४): पुढच्या महिन्यात. परवानगीचं बी-२०२ बघतील. मशीदला फास्ट थांबत नाही, स्लोच पकडा.

बी-४०२ आजी: रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघा. माझे गुडघे भायखळ्यापर्यंतच चालतील.